परळचा डॉक्टर आणि परदेशची मदत

२०२३ ला तुर्कीत भूकंप झाला. परराष्ट्र मंत्रालयाने सूत्रं हलवली. एनडीआरएफची पथकं, लष्कराचं फिरतं रुग्णालय हवाई दलाच्या विमानांनी पोचलं. ‘ऑपरेशन दोस्त’.

१९३८ ला असं काहीच नव्हतं. सरकारच परकं! जपानशी लढणाऱ्या चीनने मदत मागितली ती काँग्रेसकडे. अध्यक्ष सुभाषबाबूंनी आवाहन केलं, लोकांनी वर्गणी दिली, पाच डॉक्टर मुंबई बंदरातून निघाले. त्यात परळच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकलेले, आमच्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. १९४२ ला ते चीनमध्येच वारले.

यंत्रणा हवीच, वेग तिच्यामुळेच येतो. पण मला प्रश्न पडतो, आज परळच्या एखाद्या तरुण डॉक्टरला असं जावंसं वाटलं, तर त्याने नाव कुठे नोंदवायचं?