डायास्टेज

डायास्टेज : पिष्टाचे विघटन करून त्यापासून शर्करा निर्माण करणाऱ्या एंझाइमांचे जुने सामुदायिक नाव. हल्लीच्या परिभाषेत यांपैकी प्रमुखास अमायलेज म्हणतात. तथापि औषधांच्या दुकानांत जुन्या नावाचाच अंमल अद्याप चालू आहे.

मोड आलेल्या सातूच्या अर्कात मद्यार्क मिसळला असता जो साका खाली बसतो, त्याचा अल्पसा अंशदेखील शिजलेल्या पिष्टाच्या पुष्कळ मोठ्या राशीचे शर्करेत रूपांतर करू शकतो, हे आन्सेल्म पायाँ व झां-फ्रांस्वा पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी १८३३ मध्ये दाखवून दिले. सजीवापासून वेगळे काढून नावारूपास आणलेले हे पहिलेच एंझाइम होय.

मनुष्यदेहात हे कार्य मुखापासून सुरू होते. लाळेतील अमायलेज घासाबरोबर जठरात उतरते आणि तेथील अम्ल घासाच्या अंतर्भागापर्यंत झिरपून त्यास निष्प्रभ करीपर्यंत आपले काम चालू ठेवते. परंतु मुख्य कामगिरी लहान आतड्यात येऊन मिळणाऱ्या स्वादुपिंडरसाची असून, त्याच्या योगाने पिष्टाचे माल्टोज व तत्सम लहान तुकडे होतात, आणि शेवटचे विघटन आतड्याच्या अस्तरालाच चिकटून असलेली माल्टेज व सुक्रेज ही एंझाइमे करतात. त्यानंतरच ग्लुकोज रक्तात शिरते. कच्च्या पिष्टाचे कण या एंझाइमांना सहजासहजी दाद देत नाहीत, म्हणून अन्न शिजविणे ही पचनाची पहिली पायरी समजावयास हरकत नाही. जे न पचता मोठ्या आतड्यात जाते, त्याचा समाचार तेथील जंतू घेतात, आणि वायू हा त्या व्यवहाराचा परिणाम होय.

पचनास बाहेरून साहाय्य देण्याच्या आधुनिक उद्योगाचा पाया जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने घातला. भातावर व कोंड्यावर वाढणारी कोजी ही बुरशी अमायलेजाने समृद्ध असते, हे जपानी मद्यकारांच्या पिढीजात अनुभवातील ज्ञान घेऊन तो अमेरिकेतील पिओरिया येथे गेला, आणि व्हिस्कीसाठी मोडाच्या सातूऐवजी कोजी वापरण्याची तजवीज त्याने मांडली. परंतु ज्यांचा चरितार्थ त्या सातूवरच अवलंबून होता त्यांचा विरोध आणि कारखान्यास लागलेली आग यांमुळे तो बेत तडीस गेला नाही. तेव्हा त्याने तेच द्रव्य औषध म्हणून पुढे आणले. १८९४ मध्ये त्यास अमेरिकेत पेटंट मिळाले, आणि डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने ‘ताका-डायास्टेज’ या नावाने ते अपचनावरील इलाज म्हणून खपविले. मद्याच्या भट्टीसाठी योजलेले द्रव्य अजीर्णाच्या रोग्यांच्या पदरी पडले, यात दैवाचा विनोद आहे खरा.

आजची पाचक औषधे याच परंपरेतील होत. त्यांविषयी स्पष्ट बोलावयाचे तर, निरोगी प्रौढाच्या स्वादुपिंडाची तरतूद गरजेहून पुष्कळ अधिक असल्यामुळे, जड जेवणानंतर घेतलेल्या चमचाभर डायास्टेजाने पिष्टाच्या पचनात फारशी भर पडण्याचे कारण नाही. समाधान वाटतेच, तर त्यात अशा औषधात घातलेल्या वेलदोड्याच्या वासाचाही वाटा असावा. शिवाय एकाच बाटलीत पेप्सिन या जठरातील प्रथिनपाचक एंझाइमाशी डायास्टेजाची गाठ घालणे हा तर विसंगतीचा प्रकार, कारण पेप्सिनास जे तीव्र अम्ल मानवते त्यात अमायलेज टिकाव धरीत नाही. याउलट स्वादुपिंडाचा दीर्घकालीन दाह झालेल्या रोग्यास, जठरातील अम्लापासून आवरणाने सुरक्षित केलेली एंझाइमे जेवणाबरोबरच देणे अत्यावश्यक ठरते. दुधातील लॅक्टोज ही शर्करा तोडणारे लॅक्टेज हे एंझाइम वयोमानाने घटलेल्यांना दूध सोसत नाही; त्यांना लॅक्टेजाच्या गोळीचा उपयोग होतो, आणि दही अनेकदा सोसते, कारण त्यातील जंतू लॅक्टोजाचा काही भाग आधीच व काही आतड्यात पचवितात. हरभरा, वाल व राजमा यांतील रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करांसाठी तर मनुष्याच्या आतड्यात एंझाइमच नसते. तेथे बुरशीजन्य आल्फा-गॅलॅक्टोसिडेज जेवणाबरोबर घेतल्यास उणीव काही अंशी भरून निघते.

गृहिणींनी याहून जुना उपाय चालविला आहे. कडधान्यास मोड आणले असता वरील शर्करा घटतात, म्हणून मोडाची उसळ पोटाला काहीशी सुसह्य होते. नाचणीला मोड आणून, सुकवून, दळून केलेल्या पिठाची पेज तापत असताना त्यातील अमायलेज पिष्टास तोडून ती पातळ करते. त्यामुळे तेवढ्याच पातळ पेजेत अधिक पीठ मावते, आणि ज्याच्या स्वादुपिंडाचे अमायलेज अद्याप तुटपुंजे आहे अशा तान्ह्यास पहिले अन्न म्हणून तिचे महत्त्व विशेष आहे. मात्र मोडाचे धान्य फार भाजल्यास एंझाइम नष्ट होते व स्वाद तेवढा उरतो.

मधुमेहात कधीकधी नेमके उलट साधावयाचे असते. अकार्बोज हे औषध आतड्याच्या अस्तरातील एंझाइमे व अमायलेज यांना अडवून ग्लुकोजचा रक्तप्रवेश लांबविते, आणि न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन वायू धरतो. त्यावर उपाय म्हणून पाचक एंझाइमांची गोळी घेणाऱ्या रोग्याच्या बाबतीत मूळ औषधाचा गुण कमी होण्याचा संभव असतो.