कौल : वरळी कोळीवाडा

संकट, फसवणूक, आजारपण किंवा मोठा निर्णय देवतेपुढे मांडून तिचा होकार वा नकार घेण्याची रीत. कोकण आणि गोव्यात ती सर्रास आढळते. मुंबईत वरळी कोळीवाड्यातील गोल्फादेवीच्या देवळात ठळकपणे टिकून आहे. नवसापेक्षा ही गोष्ट वेगळी. नवसात मागणे असते आणि फेड असते. कौलात निर्णयच देवीच्या हाती जातो आणि तो आपल्या मनाविरुद्ध येण्याची शक्यता आधीच मान्य केलेली असते.

स्थान : वरळीच्या टोकाला, किल्ल्याच्या परिसरातील टेकाडावर. गोल्फादेवीबरोबर साकबादेवी आणि हरबादेवी. जत्रा पौषात, शाकंभरी पौर्णिमेला. देऊळ काही शतके जुने असल्याचे परंपरा सांगते.

विधी : देवीच्या अंगावर उजवीकडे व डावीकडे कळे लावतात, प्रश्न सांगतात आणि थांबतात. उजवा सुटला तर होकार, डावा सुटला तर नकार. कोकणात यासाठी भिजवलेले तांदूळ, पाने किंवा फुलांचे कळे वापरतात. गोव्यात पाकळ्या लावून ‘प्रसाद’ घेतात. लग्न जुळवण्यासारख्या बाबतींत वरळीचे कोळी आधी देवीला विचारतात.

गाऱ्हाणे : कौलाचा खरा गाभा येथे आहे, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. कौल लावण्यापूर्वी गुरव किंवा मानकरी देवाशी मोठ्याने बोलतो. कुणाच्या घरात काय बिघडले, भावकीत कोण फिरले, कुणी शब्द मोडला, हे सारे गाऱ्हाण्यात येते आणि जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतात. या बोलण्यात नम्रता असते, तसा जाबही असतो : तू राखणदार असताना हे घडलेच कसे? ज्याने दगा दिला त्याचा निवाडा देवावर सोपवला, की सूड घेण्याचा भार आपल्यावरून उतरतो. म्हणून या श्रद्धेला नुसता दैववाद म्हणणे उथळ ठरते. नकार आला तरी विषय कायमचा मिटत नाही. काय चुकले, कोणता मान राहिला, असे विचारत नव्याने कौल लावता येतो. देवाची सत्ता मान्य करणारा माणूस येथे गप्प बसलेला नाही.

वरळीचे उदाहरण बोलके आहे. सागरी किनारा रस्त्याचा क्लीव्हलँड बंदराजवळचा पूल होड्यांच्या वाटेवर आला. दोन खांबांमधले ६० मीटर अंतर अपुरे म्हणून मच्छीमारांनी समुद्रात होड्या घालून काम अडवले. पुढे हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. देवीवर भरवसा आणि पालिकेशी भांडण ही दोन्ही कामे एकाच वस्तीने केली.

अन्यत्र : सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही; दरवर्षीचा दिवस कौल घेऊनच ठरतो आणि मुंबईचे चाकरमानी त्याप्रमाणे रजा टाकतात. पंचांगाहूनही देवीचा शब्द वरचढ, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नाही. गोव्यात पोर्तुगीज अमलातील छळाच्या काळात मंगेशाचे स्थान १५६० मध्ये कुशस्थळीहून प्रियोळला हलले. गाव सुटला, देवाशी नाते सुटले नाही. मंगेशीला प्रसादाची चाल आजही आहे.

वरळीच्या खाडीशी जोडलेली महालक्ष्मीची कथा याच कुळातली. हॉर्नबी वेलार्डचा बांध सारखा ढासळत होता. रामजी शिवजी प्रभू या अभियंत्याला देवीने स्वप्नात दृष्टान्त दिला, खाडीतून मूर्ती निघाल्या आणि बांध टिकला, असे सांगतात. बांध ज्याच्या नावाने ओळखला जातो तो विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर होता. स्वप्नाची बाजू मात्र परंपरेची. महालक्ष्मीचे देऊळ बांधल्याचे साल वेगवेगळे दिले जाते.

टीका : देवळे आणि पुरोहितशाही यांवर प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘देवळांचा धर्म आणि धर्माची देवळे’ मध्ये कठोर प्रहार केले. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा रोखही दैवी म्हणवल्या जाणाऱ्या निवाड्यांकडे राहिला आहे.