झाडावरचं घर आणि गळ्यातली तार

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे गावी जमलो होतो. फराळ आटोपल्यावर धाकट्या भावाच्या मुलाने लॅपटॉप उघडला आणि एक आराखडा दाखवला. मळ्यातल्या आजोबांच्या आंब्यावर त्याला घर बांधायचं आहे. ट्री-हाऊस! एक खोली, पुढे गॅलरी, चढायला जिना. नातवंडं तर नाचायलाच लागली.

थोरल्या वहिनींनी मात्र एक अट घातली. "बांधा काय बांधायचं ते, पण आंब्याला एकसुद्धा खिळा मारायचा नाही. जीव आहे त्याला."

"नाही मारणार, काकू," पुतण्या म्हणाला, "खोडाला लोखंडी पट्टे आवळून त्यावर तुळया ठेवू."

सगळ्यांना पटलं. मी तेव्हा गप्प बसलो, पण घरी परतल्यावर राहून राहून आमच्या शाळेतला कडुनिंब आठवू लागला. त्याची गोष्ट पुढे येईलच. शिक्षकाची खोड अशी की विषय निघाला की पहिल्यापासून सुरुवात! तर तशीच करतो.

झाडावरचं घर आपल्याला नवं नाही. माझ्या लहानपणी शाळू निसवला की वडील बांधावरच्या बाभळीच्या आधाराने माळा बांधत. दोन मेढी, आडवे बांबू, वर कडब्याचं छप्पर. त्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकायची. केरळातल्या रानात राहणारे आदिवासी हत्तींपासून पीक आणि जीव सांभाळायला झाडावर झोपड्या बांधत, त्याला तिकडे एरुमाडम म्हणतात. शिकाऱ्यांचं मचाण तर सर्वांना ठाऊक आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती, आणि ती माझ्या ध्यानात फार उशिरा आली. आमचा माळा सुंभाने बांधलेला असे आणि खळं झालं की वडील तो उतरवत. बांबू परसात, दोर खुंटीला. पुढच्या वर्षी नवी गाठ. झाडाला कसलाही जाच नव्हता, कारण माणूस तिथे एका सुगीपुरता पाहुणा होता.

हौसेची घरं मात्र वेगळी. रोमचा बादशहा कालिगुला याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका प्रचंड चिनाराच्या फांद्यांवर मेजवानी दिली होती. १५ पाहुणे आणि वाढणारे नोकर मावतील एवढी ती जागा होती, आणि तो तिला आपलं 'घरटं' म्हणे, असं प्लिनीने लिहून ठेवलं आहे. इंग्लंडमध्ये श्रॉपशायर परगण्यात पिचफर्ड हॉल नावाचा वाडा आहे. तिथल्या लिंडेनच्या झाडावर सतराव्या शतकातलं लाकडी चौकटीचं घर आजही आहे. १८३२ साली १३ वर्षांची राजकन्या व्हिक्टोरिया, म्हणजे पुढची महाराणी, तिथे चढून गेली होती. ते झाड आता इतकं म्हातारं झालंय की त्याला टेकू द्यावे लागले आहेत. एकेकाळी झाडाने घराला धरलं, आता माणसाने झाडाला धरलंय.

पॅरिसजवळच्या एका गावात तर १८४८ साली एका हॉटेलवाल्याने चेस्टनटच्या झाडावर खानावळच थाटली. 'स्विस फॅमिली रॉबिन्सन' ही कादंबरी तेव्हा लोकप्रिय होती, म्हणून नाव ठेवलं रॉबिन्सन. गिऱ्हाईक फांद्यांवर बसायचं आणि जेवण टोपलीतून दोराने वर ओढून घ्यायचं! पाहता पाहता शेजाऱ्यांनीही तसल्या खानावळी काढल्या आणि १९०९ मध्ये गावाचंच नाव ल प्लेसी-रॉबिन्सन झालं.

आणि केनयातलं ट्रीटॉप्स. १९३२ साली एका मोठ्या उंबरवर्गीय झाडावर ते हॉटेल बांधलं, खालच्या पाणवठ्यावर येणारे हत्ती-गेंडे बघायला. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ तिथे मुक्कामाला होती आणि त्याच रात्री इकडे लंडनमध्ये... नव्हे, सँड्रिंगहॅमला तिचे वडील वारले. झाडावर चढली राजकन्या, उतरली राणी! त्या रात्री तिथे आपल्या कुमाऊँचा जिम कॉर्बेट होता. १९४७ मध्ये भारत सोडून तो केनयात जाऊन राहिला होता. वय ७६, म्हणजे साधारण माझ्याएवढं. जन्मभर नरभक्षकांसाठी मचाणावर रात्री काढलेला हा माणूस त्या रात्री शिडीच्या तोंडाशी पहारा देत बसला. पुढे १९५४ मध्ये माऊ माऊ बंडाच्या काळात ते ट्रीटॉप्स जाळलं गेलं. १९५७ मध्ये पुन्हा बांधलं, पण या वेळी झाडावर नाही, जमिनीत रोवलेल्या खांबांवर. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

आता कडुनिंब.

मी नोकरीला लागलो तेव्हा शाळेला घंटा नव्हती. रुळाचा एक तुकडा मिळाला, आणि तो टांगायचं काम नवा मास्तर म्हणून माझ्याकडे आलं. अंगणातल्या कडुनिंबाच्या एका जाड फांदीला मी गॅल्व्हनाइज्डच्या तारेचे तीन वेढे दिले, पकडीने घट्ट पिळले. खिळा मारला नाही. मनात वहिनींचाच विचार होता, झाडाला जीव आहे. पाच-सहा वर्षांत तार सालीत रुतली. मुलं म्हणायची, "गुरुजी, झाडाने तार खाल्ली!" मीही हसायचो. मग त्या जागी फांदीला आवाळूसारखा फुगवटा आला, पलीकडचा पाला विरळ झाला आणि एका वळवाच्या पावसात ती फांदी बरोबर तारेपाशी मोडली. रविवार होता म्हणून बरं. एरवी त्याच सावलीत पाचवीचा वर्ग बसायचा. हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

आमचे विज्ञानाचे सर म्हणाले, "अहो, तुम्ही फास लावलात त्याला." झाड वाढतं ते सालीच्या लगेच आत असलेल्या एका पातळ जिवंत थरातून. पानांनी तयार केलेलं अन्न खाली येतं तेही सालीच्या आतल्याच भागातून. आतला गाभा बहुतेक मृत लाकडाचा, तो फक्त भार पेलतो. त्यामुळे भोवती आवळलेलं काहीही म्हणजे गळफास. सांगली-नाशिककडचे द्राक्ष बागायतदार हे चांगलं जाणतात. मणी फुगावेत म्हणून ते खोडाची बारीक गोल साल काढतात, त्याला गर्डलिंग म्हणतात. अन्न वरच अडतं, घडाला मिळतं. पण ती चीर अरुंद असते आणि काही आठवड्यांत भरून येते. तार आणि पट्टा मात्र सुटत नाहीत.

मग घर टांगायचं कशावर? याचं उत्तर अमेरिकेत, ओरेगॉन राज्यातल्या टाकिल्मा गावी मायकेल गार्निए नावाच्या माणसाने शोधलं. त्याला झाडांवर पाहुण्यांसाठी खोल्या चालवायच्या होत्या आणि सरकारी कचेरी परवानगी देईना. आपलं बांधकाम भक्कम आहे हे दाखवायला त्याने एकदा ६६ माणसं, २ कुत्री आणि १ मांजर एकाच वेळी वर चढवली! हे भांडण काही वर्षं चाललं. त्यातून आणि त्याच्या सोबतच्या कारागीर-इंजिनिअरांच्या खटपटीतून १९९० च्या दशकात एक खास बोल्ट तयार झाला. दीडेक इंच जाड, मध्ये रुंद कडं. खोडात एकच भोक पाडून तो बसवायचा आणि त्यावर तुळई ठेवायची. काही टन वजन तो पेलतो. त्याला 'गार्निए लिम्ब' म्हणतात, म्हणजे गार्निएची फांदी.

भोक पाडणं हे आवळण्यापेक्षा बरं कसं? अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंत घालून तिला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. एक स्वच्छ भोक ते कोंडू शकतं. शंभर खिळे जवळजवळ मारले तर त्या जखमा एकमेकींना मिळतात आणि कूज पसरते. आणि पट्ट्याला तर कोंडताच येत नाही, कारण तो चहूबाजूंनी असतो.

शिवाय झाड वाऱ्याने डोलतं. म्हणून दोन खोडांवर तुळई ठेवली तर एक टोक पक्कं आणि दुसरं सरकतं ठेवतात. खोड जमिनीच्या फळ्यांतून वर जातं तिथे वाढीसाठी मोकळी जागा सोडतात. घराने झाडाच्या कलाने घ्यायचं, एवढंच सूत्र.

तर वहिनी, हे सगळं पुराण तुमच्यासाठी. तुमची माया खरी आहे, माझीही होती. पण आपल्या आंब्याला पट्टा नको. बोल्टही घाईने नको, कारण जुना आंबा आतून पोकळ असू शकतो. आधी जाणत्या माणसाकडून खोड तपासून घ्यावं. माझा जीव विचाराल तर घर ट्रीटॉप्ससारखं, आणि आमच्या वडिलांच्या माळ्यासारखं, स्वतःच्या खांबांवर उभं करावं. खांबांचे खड्डेही मोठ्या मुळ्या चुकवून घ्यावेत. फांद्या वरून सावली देतील, तेवढं पुष्कळ आहे.

पुतण्याला काल फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "काका, मग ते ट्री-हाऊस कसलं?" मी म्हटलं, "तू बांध तर खरं. मी गुडघे सांभाळत पहिला चढेन, आणि पोरांना गोफण शिकवेन."

त्याचं उत्तर अजून यायचंय. वहिनी, तुमचंही!