पत्त्यांचा कौल : मांजरसुंबे येथील एका घरगुती जाळ्याच्या निमित्ताने

मराठी मुलखातील जमिनीच्या जुन्या कागदपत्रांत शेत कसणाऱ्यांचे दोन वर्ग वारंवार भेटतात. एक मिरासदाराचा व दुसरा उपऱ्याचा. ‘मिरास’ हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ वारसा असा आहे. मिरासदार गाव सोडून परागंदा झाला तरी जमिनीवरील त्याचा हक्क सहसा बुडत नसे. उपरी हा बाहेरून आलेला. तो कौलावर जमीन कसावयाचा आणि मुदत सरली की कौल नवा करून घ्यावयाचा किंवा वाट धरावयाचा. ‘कौल’ हाही अरबीच. त्याचा अर्थ शब्द, वचन. असा कागद हाती आला म्हणजे अभ्यासकाने प्रथम चार गोष्टी पाहावयाच्या असतात : देणारा कोण, घेणारा कोण, दिले काय आणि मुदत किती.

संगणकांच्या जाळ्यात यंत्रांना पत्ते कसे मिळत गेले याचा इतिहास पाहताना हे दोन वर्ग आठवतात, आणि ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. आज ज्या रीतीने घराघरांत यंत्रांना पत्ते दिले जातात, त्या ‘डीएचसीपी’ नामक रीतीच्या मूळ दस्तऐवजातच पत्त्याच्या या तात्पुरत्या हक्काला ‘लीज’, म्हणजे भाडेपट्टा, असे म्हटले आहे. या इतिहासाकडे वळण्याचे निमित्त मात्र पुस्तकी नव्हते.

मांजरसुंबे हे गाव बीड शहराच्या दक्षिणेस, बालाघाटाच्या रांगेत, धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. पाटोद्याकडील व केजकडील वाटा येथे मिळतात. (गावाच्या नावातील पूर्वपदाचा संबंध पाटोदे तालुक्यात उगम पावणाऱ्या मांजरा नदीशी जोडण्याचा मोह भाषेच्या अभ्यासकास होतो, पुराव्याअभावी तो येथे आवरलेला बरा.) प्रस्तुत लेखकाचे धाकटे बंधू तेथे राहतात. घराच्या पुढल्या खोलीत ते ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवितात. २०२२ च्या जुलैअखेर, पीकविम्याच्या अर्जांची मुदत संपण्यास दोन दिवस उरले असता, त्यांचे जाळे बिघडले. ओसरीवर सातबाऱ्याचे उतारे आणि बँकेची पासबुके घेऊन शेतकरी बसलेले, आणि आत दोन संगणकांपैकी एक चाले, दुसरा न चाले. मुद्रणयंत्र सकाळी छापी, दुपारी मुके होई. वीज जाऊन आली की सर्वच बंद पडे. मग सर्व उपकरणे बंद करून पुन्हा चालू करावयाची. त्याने कधी काम होई, कधी नाही. “दादा, याला काही नियमच नाही,” असे बंधू म्हणाले. नियम होता; तो कोठून आला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

इंटरनेटवरील पत्त्याची आज रूढ असलेली बत्तीस अंकस्थानांची पद्धत सप्टेंबर १९८१ च्या दस्तऐवजाने निश्चित झाली. तीत सुमारे ४२९ कोटी पत्ते संभवतात. यंत्रे मोठी, थोडी आणि जागची न हलणारी असल्यामुळे पत्ता हाताने लिहून द्यावयाचा व तो कायमचा त्या यंत्राचा समजावयाचा, ही वहिवाट होती. ही शुद्ध मिरास. अडचण उत्पन्न केली ती स्वतःची तबकडी नसलेल्या यंत्रांनी. चालू होताना त्यांना स्वतःचा पत्ताही ठाऊक नसे. तो दुसऱ्यास विचारावा लागे. यासाठी जून १९८४ मध्ये ‘रार्प’ ही रीत व सप्टेंबर १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांची ‘बूटपी’ ही रीत पुढे आली. बूटपीत यंत्र आपला जन्मजात ठोकळ क्रमांक सर्वांस ओरडून सांगते आणि सर्व्हर आपल्या वहीत त्या क्रमांकापुढे लिहिलेला पत्ता कळवितो. परंतु वहीतील नोंद माणसानेच आधी करावयाची असे. पत्ता विचारून मिळू लागला, तरी तो मिरासच राहिला. फरक पडला तो एवढाच, की सनद धन्याच्या घरी न राहता कुलकर्ण्याच्या दप्तरात आली.

उपऱ्यांची सोय झाली ती ऑक्टोबर १९९३ मध्ये. अमेरिकेतील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेला डीएचसीपीचा पहिला दस्तऐवज त्या महिन्यात निघाला; आज प्रमाण मानला जाणारा सुधारित पाठ मार्च १९९७ चा आहे. ड्रोम्स यांनी बूटपीचा सांगाडा मोडला नाही. संदेशाचा आकार तोच ठेवला, सर्व्हर ऐकतो ते सदुसष्टावे द्वारही तेच ठेवले, आणि आत मुदतीची कल्पना बसविली. शब्दाचे रूप जुने ठेवून अर्थ पालटण्याची ही क्रिया भाषांच्या इतिहासात नेहमीची आहे. यंत्रांच्या इतिहासातही ती आढळावी याचे मला कौतुक वाटते.

या रीतीतील व्यवहार चार बोलांचा आहे. नवे यंत्र सर्वांस उद्देशून विचारते, ‘कोणी पत्ता देणारा आहे काय?’ सर्व्हर देकार देतो. यंत्र देकार पत्करल्याचे जाहीर करते. सर्व्हर कबुली देतो व मुदत सांगतो. अर्धी मुदत उलटली की यंत्र त्याच सर्व्हरकडे नूतनीकरण मागते; तो न बोलल्यास सात-अष्टमांश मुदतीनंतर कोणाही सर्व्हरकडे मागते. तिसरा बोल केवळ सर्व्हरला न सांगता सर्वांस का सांगावयाचा, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे कारण असे, की एका जाळ्यात एकाहून अधिक सर्व्हर असू शकतात हे रीत करणाऱ्याने गृहीतच धरले होते. म्हणून तिसऱ्या बोलात निवडलेल्या सर्व्हरचे नाव घालावे लागते, ते ऐकून इतर आपापले देकार मागे घेतात. मात्र देणारा खरा अधिकारी आहे की तोतया, हे पारखण्याची सोय मूळ रीतीत नव्हती. ती जून २००१ च्या एका दस्तऐवजाने सुचविली, पण व्यवहारात ती फारशी रुजली नाही. यंत्रे बहुधा जो प्रथम बोलेल त्याचाच कौल घेतात.

आता मांजरसुंब्याकडे परत येऊ. चालत्या व न चालत्या संगणकांवर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा तपशिलासह दिली. तिच्या उत्तरात पत्त्याबरोबर तो कोणत्या सर्व्हरने दिला, केव्हा दिला व मुदत केव्हा संपते, हे सर्व लिहून येते. चालत्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१ ने आरंभ होणारा होता व देणारा होता पुढल्या खोलीतील जोडणीचा मूळ राउटर. न चालत्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.० ने आरंभ होत होता, आणि देणाऱ्याचा शिक्का होता १९२.१६८.०.१ हा. हा दुसरा देणारा कोण? मागल्या घरात तरंगलहरी पोहोचाव्यात म्हणून महिन्यापूर्वी आणून बसविलेला छोटा राउटर. त्याची तार त्याच्या घरगुती बाजूच्या खाचेत घातलेली होती आणि त्याचा कौल देण्याचा अधिकार कोणी काढून घेतला नव्हता. तो मुक्तहस्ते पत्ते वाटी व बाहेरचा रस्ता माझ्याकडून जातो असे सांगे. पण त्याच्या बाहेरच्या बाजूस काहीच जोडलेले नव्हते.

वीज जाऊन आल्यावर सर्वच का बंद पडे, हेही यातून उलगडले. छोटा राउटर मोठ्याच्या आधी जागा होई. जुना पत्ता चालू ठेवण्याची विनंती घेऊन यंत्रे आली की तो पत्ता आपल्या हद्दीतला नाही म्हणून हा नकार देई, आणि लगेच स्वतःचा देकार पुढे करी. छोट्या राउटरवरील डीएचसीपी बंद केली आणि त्यास १९२.१६८.१.२ हा पत्ता हाताने दिला. संगणक तेवढ्याने सुधारले.

मुद्रणयंत्र सुधारले नाही. त्याचा दोष निराळा होता व मला तो अधिक मनोरंजक वाटला. बंधूंनी त्यास १९२.१६८.१.२० हा पत्ता त्या यंत्रातच कायमचा लिहून ठेवला होता. म्हणजे ते मिरासदार. परंतु मोठा राउटर २ पासून २५४ पर्यंतचे सर्व पत्ते कौलाने देण्याजोगे समजत होता. मिरासीची नोंद दप्तरात नव्हती! पत्ता देण्यापूर्वी तो कोणी वापरीत आहे काय हे सर्व्हरने हाक मारून पाहावे, असे १९९७ च्या पाठात सांगितले आहे. पण वीज नसताना किंवा बंद असताना मुद्रणयंत्र हाकेस उत्तर कसे देणार? दुपारी कोणाचा तरी मोबाइल घरात येई, त्यास वीस क्रमांक मिळे, आणि एका शेतात दोन नांगर चालत.

ड्रोम्स यांच्या रीतीत यावर उपाय आहे. तीत पत्ते देण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : कायमचा पण सर्व्हरने आपोआप दिलेला, मुदतीचा, आणि माणसाने ठरविलेला पण सर्व्हरमार्फत कळविलेला. तिसऱ्यास आज आरक्षण म्हणतात. मराठवाड्यातील वाचकास त्यावरून हैदराबादच्या १९५० च्या कूळकायद्यातील संरक्षित कूळ आठवेल : कूळ खरे, पण त्यास सहजासहजी उठविता येत नाही, कारण त्याचे नाव यादीत चढलेले असते. मुद्रणयंत्रातील हाताने लिहिलेला पत्ता पुसला, राउटरच्या यादीत त्याचा ठोकळ क्रमांक चढविला व त्यापुढे वीस हा पत्ता नोंदविला. कौलाने द्यावयाची जमीन १०० पासून २०० पर्यंत आखून दिली, आणि मुद्रणयंत्र व मोबाइल दोन्ही एकदा बंद करून चालू केले.

मोबाइलला एकशेचार क्रमांक मिळाला. सायंकाळी सातच्या सुमारास वीज गेली व वीस मिनिटांनी आली. छोटा राउटर नेहमीप्रमाणे आधी जागा झाला, पण गप्प राहिला. मोठ्याचा हिरवा दिवा लागेपर्यंत ओसरीवरच्या मंडळींनी चहा घेतला, आणि मग पहिली पावती छापून बाहेर आली. रात्री अकरापर्यंत अर्ज भरणे चालू होते. बंधूंनी दुसऱ्या दिवशी एका पुठ्ठ्यावर प्रत्येक यंत्राचे नाव, त्याचा पत्ता व तो कोणी दिला हे लिहून तो राउटरशेजारी खिळ्याला अडकविला. त्यावर त्यांनी मथळा दिला आहे : ‘दप्तर’.