‘सार्वजनिक’ या शब्दाची कसोटी : बोले ठराव, शासनादेश आणि महाडचे तळे

विधिमंडळातील प्रश्न, ठराव आणि त्यांना मिळालेली सरकारी उत्तरे ही सामान्यतः राजकीय इतिहासाची साधने मानली जातात. साहित्याचे अभ्यासक त्यांच्याकडे क्वचितच वळतात. तथापि ज्या लेखनात एका क्रियापदाच्या निवडीवर गावच्या विहिरीचे पाणी कोणाला मिळणार हे अवलंबून असते, ते लेखन भाषेच्या अभ्यासकाला परके वाटण्याचे कारण नाही. प्रस्तुत निबंधात मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झालेला सीताराम केशव बोले यांचा ठराव, त्यावर निघालेला शासनादेश आणि पुढे महाड येथे झालेला संघर्ष यांचा विचार केला आहे. ‘सार्वजनिक’ या शब्दाची व्याप्ती विधिमंडळाने मान्य केली. परंतु ती प्रत्यक्षात आणण्याचा भार ज्यांना पाणी नाकारले जात होते त्यांच्यावरच पडला, असे येथील प्रतिपादन आहे.

सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याकडे टप्प्याटप्प्याने आला. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातील सभासदांना पूर्वसूचना देऊन प्रश्न विचारण्याची मुभा दिली. उपप्रश्नाला मात्र वाव नव्हता. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला आणि सार्वजनिक हिताच्या विषयांवर ठराव मांडण्याची सोय झाली. १९१९ च्या कायद्यानंतर उपप्रश्नाचा हक्क सर्वच सभासदांना मिळाला. याच कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली आणि स्थानिक स्वराज्य, शिक्षण, सार्वजनिक आरोग्य यांसारखी खाती मंत्र्यांकडे सोपवली गेली. गावची शाळा, दवाखाना, विहीर यांविषयी ज्याला जाब विचारता येईल असा मंत्री सभागृहात बसू लागला, ही गोष्ट लहान नव्हती.

या हक्कापूर्वीचा प्रचलित लेखनप्रकार म्हणजे अर्ज. महाड परिसरातील निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून जे विनंतिपत्र तयार केले, ते या परंपरेतील महत्त्वाचे लेखन होय. अर्जदार आपली सेवा आणि निष्ठा यांचा दाखला देतो, कृपेची अपेक्षा करतो. ठराव मांडणारा सभासद मात्र कृपा मागत नाही; सरकारने काय करावे, हे तो सांगतो. विनवणीच्या भाषेकडून अपेक्षेच्या भाषेकडे झालेले हे स्थित्यंतर बोले ठरावाच्या मुळाशी आहे.

सरकारी निधीतून बांधलेले वा चालवले जाणारे, तसेच शासननियुक्त अथवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गांना करू द्यावा, असा या ठरावाचा आशय होता. येथे युक्तिवाद धर्माचा नाही, दयेचाही नाही. तो निधीचा आहे. जी वस्तू सर्वांच्या पैशातून उभी राहिली, ती सर्वांची. मराठीत ‘सार्वजनिक’ हा शब्द तोवर चांगलाच रुळला होता. पुणे सार्वजनिक सभेची स्थापना १८७० मधील; जोतीराव फुले यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला; त्याच दशकात गणेशोत्सवालाही हे विशेषण लागले. प्रत्येक ठिकाणी ‘सर्व जन’ कोण, याचे उत्तर निराळे होते. ‘पाणवठा’ या शब्दाची गोष्ट तर आणखी वेगळी. गावात पाणवठा म्हणताच तो कोणाचा, हा प्रश्न ओघानेच येई. ‘सार्वजनिक पाणवठा’ हा शब्दप्रयोग म्हणूनच रूढ ग्रामव्यवस्थेला दिलेले आव्हान होते.

विधिमंडळाचा ठराव सरकारवर बंधनकारक नव्हता. त्याचे क्रियापद ‘शिफारस करणे’ हे होते. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने आदेश काढला. त्यात दोन सूर स्पष्ट ऐकू येतात. सरकारच्या मालकीच्या व सरकार चालवीत असलेल्या स्थळांपुरती ठरावाची अंमलबजावणी करावी, असे खातेप्रमुखांना फर्मावले गेले. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे किंवा कसे याचा विचार करावा, असा सल्ला जिल्हाधिकाऱ्यांमार्फत देण्यात आला. तळी आणि विहिरी बहुतांशी नगरपालिका व लोकल बोर्डांच्या अखत्यारीत होत्या. म्हणजे जेथे पाण्याचा प्रश्न सर्वाधिक तीव्र होता, तेथेच आदेशाची भाषा सर्वाधिक सौम्य झाली.

महाडच्या नगरपालिकेने सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. कागदावर तळे खुले झाले. काठावरची परिस्थिती होती तशीच राहिली. शब्दांचा अनुभव आलेल्या बोले यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी दुसरा ठराव पुढे आणला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. सल्ल्याने जे साधले नाही ते तिजोरीच्या किल्लीने साधावे, असा हा प्रयत्न होता.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला आलेल्यांसाठी पिण्याचे पाणी ४० रुपये मोजून विकत घ्यावे लागले. खुले झालेले तळे जवळच होते. दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची सूचना केली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली जमावाने तेथे जाऊन पाणी प्राशन केले. मंदिरप्रवेशाची अफवा उठून परतणाऱ्यांवर हल्ले झाले. पुढे १०८ घागरी पाणी काढून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला.

डिसेंबर १९२७ मध्ये परिषद पुन्हा भरण्यापूर्वी तळे खाजगी असल्याचा दावा करून विरोधकांनी न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. वाद आता नेमका ‘सार्वजनिक’ या शब्दावर येऊन ठेपला. २५ डिसेंबरच्या भाषणात आंबेडकरांनी महाडच्या सभेची तुलना १७८९ मध्ये व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच प्रतिनिधींच्या सभेशी केली, आणि परिषदेने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. आंबेडकर त्याच वर्षी मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सभासद झाले होते. विधिमंडळाने केवळ शिफारस केलेली गोष्ट बहिष्कृतांच्या सभेने हक्क म्हणून घोषित केली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. न्यायालयीन वाद १७ मार्च १९३७ पर्यंत चालला. मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांना वगळणारी अनादि वहिवाट सिद्ध झाली नसल्याचा निर्णय दिला.

याच काळात त्रावणकोर संस्थानात वायकोमच्या मंदिराभोवतीचे रस्ते खुले करण्यासाठी १९२४ पासून सत्याग्रह चालू होता. तेथील विधिमंडळात यासंबंधीचा ठराव फेब्रुवारी १९२५ मध्ये २१ विरुद्ध २२ अशा एका मताने फेटाळला गेला. पुढे त्याच वर्षी झालेल्या तडजोडीत तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेचा राहिला. मुंबईत ठराव संमत होऊनही पाणी मिळाले नाही. त्रावणकोरात ठराव पडूनही काही रस्ते खुले झाले. यावरून सभागृहातील शब्द निरर्थक होता असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. महाडच्या लोकांना आपण मागतो ते नवे नसून मान्य झालेलेच आहे, असे म्हणता आले ते बोले ठरावामुळे.

१९५० मध्ये अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख येतो. पूर्णतः वा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेली अथवा जनतेच्या वापरासाठी समर्पित केलेली स्थळे, अशी त्यांची ओळख दिली आहे. १९२३ च्या ठरावातील निधीचा युक्तिवाद येथे स्पष्ट ओळखू येतो. बदलले आहे ते क्रियापद. शिफारस नाही, इष्टतेचा विचार नाही. जात, धर्म, वंश, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकावर निर्बंध असणार नाही, असे ते वाक्य सांगते. या दोन वाक्यांमध्ये सत्तावीस वर्षांचे अंतर आहे, आणि ते विधिमंडळात नव्हे, तळ्याच्या काठावर कापले गेले.