रक्तसंक्रमणातील प्रतिकूल प्रतिक्रियांची नोंद : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना
रक्त चढविल्याने प्राण वाचतात, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच रक्ताने क्वचित अपायही होतो आणि त्याची पद्धतशीर नोंद ठेवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी नाही. प्रस्तुत लेखात या नोंदीचा इतिहास व सिंधुदुर्गच्या संदर्भात तिचे महत्त्व मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

मुंबईचा धडा
कार्ल लॅन्डस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांची मांडणी केली. पुढे 'ओ' गटाचे रक्त कोणासही चालते, असा समज रूढ झाला. या समजास मुंबईतील निरीक्षणाने छेद दिला. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना अशा व्यक्ती आढळल्या, ज्यांच्या रक्तद्रवात 'ओ' गटाच्या पेशींच्याही गुठळ्या होत होत्या. १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले व 'बॉम्बे रक्तगट' जगास ज्ञात झाला. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर 'एच' प्रतिजन नसते. केवळ पेशी तपासल्यास त्यांचा गट 'ओ' भासतो. रक्तद्रवही तपासला तरच भेद कळतो. अपवादाची दखल घेतली गेली, म्हणूनच नियम सुधारला.

संस्थात्मक टप्पे
फ्रान्सने १९९४ मध्ये व ब्रिटनने १९९६ मध्ये अशा प्रतिक्रियांच्या नोंदीची राष्ट्रीय व्यवस्था उभारली. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर राष्ट्रीय व राज्य रक्त संक्रमण परिषदा स्थापन झाल्या. १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री करणाऱ्या व्यावसायिक दात्यांवर बंदी आली. हे सारे लक्ष प्रामुख्याने दाता व रक्तपेढी यांकडे होते. रुग्णाच्या खाटेपाशी काय घडते, याची राष्ट्रीय नोंद १० डिसेंबर २०१२ रोजी सुरू झालेल्या हिमोव्हिजिलन्स कार्यक्रमाने आरंभिली. नोएडा येथील राष्ट्रीय जैविक संस्थान तिचे समन्वयन करते. मात्र ही नोंद ऐच्छिक आहे.

सिंधुदुर्गचा संदर्भ
१९८१ मध्ये निर्माण झालेल्या या जिल्ह्यातील गंभीर रुग्ण ओरोसहून पुढे गोव्यात बांबोळीस किंवा मुंबईस नेले जातात. रक्त चढते एका ठिकाणी आणि रुग्ण परततो मालवणच्या आपल्या वाडीत. रक्तपेशी नष्ट होण्याची विलंबित प्रतिक्रिया साधारणतः ३ ते १४ दिवसांनी प्रकट होते. ताप येतो, डोळे पिवळे दिसतात, हिमोग्लोबिन पुन्हा उतरते. गावातील डॉक्टरांपुढे रक्त चढविल्याचा कागद नसेल, तर ती साधी कावीळ ठरण्याचा संभव असतो. मूळ रुग्णालयास काहीच कळत नाही. पुढील वेळी त्याच रुग्णास तोच धोका संभवतो.

निष्कर्ष
इतिहासाच्या अभ्यासकास एक गोष्ट परिचित आहे : दप्तरात नोंद नाही, म्हणजे घटना घडली नाही, असे नव्हे. प्रतिक्रिया कळविणे म्हणजे चुकीची कबुली, ही भीती दूर होणे आवश्यक आहे. तसेच रुग्णास घरी पाठविताना रक्तगट, रक्तपिशवीचा क्रमांक, तारीख व संभाव्य लक्षणे मराठीत लिहिलेला कागद सोबत द्यावा. १९५२ मधील शोध सूक्ष्म निरीक्षणातून लागला. आपल्या जिल्ह्यातील रुग्णाची सुरक्षितताही अशाच निरीक्षणावर व त्याच्या लेखी नोंदीवर अवलंबून आहे.