पडीत रानाचा इतिहास

फाल्गुन लागला कीं वऱ्हाडांतील पळस फुलतो, आणि त्याच्या फुलांतील मधासाठीं भोरड्यांचे थवे कलकलाट करूं लागतात. उन्हाळा भर चढण्याच्या आंत हे पाहुणे मध्य आशियाकडे परततात. भोवत्या हा शिकारी पक्षीही त्याच सुमारास उत्तरेची वाट धरतो. हा झाडावर न झोंपतां उघड्या गवतांत जमिनीवरच रात्र काढतो, व नाकतोडे आणि टोळ खाऊन कुणब्याचें काम हलकें करतो. कामरगांव ज्या कारंजे तालुक्यांत आहे, तेथील सोहोळच्या कुरणांत काळविटांचे कळपही दृष्टीस पडतात. परंतु या सर्वांस आसरा देणाऱ्या भूमीचें दप्तरीं नांव काय? पडीत!

हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नव्हे. 1853 सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. 1861 पासून अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा भाव चढला. 1867 सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. काळी जमीन नांगराखालीं गेली, आणि तिच्या मागोमाग माळाचाही लचका तुटूं लागला. ज्यावर पीक नाहीं तें ओसाड, हा दप्तराचा न्याय. तेथें घरटें कोणाचें आहे, हें विचारण्याचें कोणास कारण नव्हतें.

विचारावयाचें तर फासेपारध्यास विचारावें लागलें असतें. शिकविलेल्या गाईच्या आड लपून तो हरणाच्या जवळ जाई. तित्तिर कोणत्या वाटेनें पाण्यास उतरतो, तणमोराची मादी केवढ्या गवतांत अंडीं घालते, हें त्याच्या घरांतील पोरांसही ठाऊक असे. साहेबलोक हौसेखातर बंदूक चालवीत, तेव्हां ती मर्दुमकी ठरे. पारध्याचा फांसा मात्र संशयास पात्र! 1871 सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला व त्याचा शिक्का पुढें पारध्यांच्याही कपाळीं बसला. तो कायदा 1952 सालीं रद्द झाला. नंतर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी आली. ती अवश्यच होती, हें कोणीही सुज्ञ कबूल करील. पण धंदा काढून घेतांना त्याबरोबर बुडणाऱ्या विद्येची वाट काय, याचा पुरेसा विचार झाला नाहीं.

चालू शतकांत अकोला-वाशीम भागांतील कांहीं फासेपारधी वस्त्यांनीं, संवेदना या संस्थेच्या साह्यानें, गवत राखण्याचें व तणमोरावर नजर ठेवण्याचें काम अंगावर घेतलें आहे. पावसाळ्यांत गवतावर उंच उड्या घेऊन मादीस बोलावणारा हा नर आतां भारतांत फारच थोड्या ठिकाणीं आढळतो.

इकडे सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या परिसरांतून नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग गेला आहे, व प्राण्यांसाठीं त्याच्या खालून-वरून वाटा केल्या आहेत. काळवीट त्या वाटेनें जातो कीं रस्त्याच्या कडेशींच थबकून परततो, हें पारधी वस्तीवरील एखादा म्हातारा नुसत्या खुरांच्या खुणांवरून सांगूं शकेल.